कच्ची पकड

धारासूरचा म्हातारा गालात कापसाचा बोळा दाबून जिना उतरायला लागला, तेव्हा दैवशाला त्याच्या दाताची हत्यारं पिवळ्या टबातल्या औषधाच्या पाण्यात बुडवत होती. म्हाताऱ्यानं खुर्चीवर बसायच्या आधीच सांगितलं होतं की त्याच्या रक्तात ‘बी’ची कावीळ आहे, जुनी. सून म्हणाली होती सांगू नका, सांगितलं तर दात काढायचे नाहीत. पण तो म्हणाला, मी सांगणार. डॉ. रोहिणींनी त्याला, बरं केलंत, असं म्हटलं आणि दात काढला. दैवशालानं त्या वेळी दुहेरी हातमोजे घातले होते. पकडीच्या दातऱ्यांत रक्त अडकून बसलं होतं. तिनं पकड पूर्ण उघडून टबात सोडली आणि घड्याळाकडं पाहिलं. सव्वाअकरा झाले होते.

गंगाखेडच्या बाजारात एका औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर हा दातांचा दवाखाना होता. दैवशाला इथं अकरा वर्षांपूर्वी झाडू मारायला म्हणून आली. नवऱ्यानं टाकल्यावर ती धाकट्या भावाच्या, मुंजाजीच्या घरी राहायला आली होती. मुंजाजीनं किंवा त्याच्या बायकोनं, सुगंधाबाईनं, कधी तोंड वाकडं केलं नाही, पण दैवशालालाच बसून खाणं जड जायला लागलं, म्हणून तिनं शहरात खोली केली आणि हे काम धरलं. ऑटोक्लेव्ह पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिनं विचारलं होतं की हा कुकर आहे तर याची शिट्टी कुठं आहे. डॉक्टर हसल्या, आणि मग त्यांनी तिला सगळं शिकवलं. ब्रशनं सांधे घासायचे, पाण्याखाली धरायचं, पुसून कोरडं करायचं, कागदी पाकिटात भरायचं, पंधरा पौंडांच्या वाफेवर वीस मिनिटं ठेवायचं. पाकिटावरची पट्टी काळी झाली की हत्यार पक्कं; तोवर ते कच्चं. कच्चं-पक्कं हे दैवशालाचे शब्द. पण दोन-तीन वर्षांत डॉक्टरही तेच वापरायला लागल्या.

एकदा पंचायत समितीतला एक बडा माणूस दाढ धरून आला होता आणि वाफ चढलेली असतानाच लाईट गेली. अजून आठ मिनिटं राहिली होती. त्या माणसाबरोबरची चार माणसं आवाज चढवायला लागली. डॉक्टरांनी दैवशालाकडं नुसतं बघितलं. तिनं सांगितलं, कच्ची आहेत. डॉक्टरांनी त्याला गोळी देऊन दुसऱ्या दिवशी बोलावलं. त्या दिवशी खोलीवर जाताना दैवशाला ताठ चालत होती.

ती ब्रश धुऊन ठेवत होती, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पुढं एक म्हातारी आली आणि तिच्यामागं तिशीतला एक धिप्पाड माणूस, गालाला रुमाल लावलेला. डावा जबडा सुजून डोळ्याखालपर्यंत आला होता. म्हातारीनं विचारलं की डॉक्टरीणबाई हायेत का. दैवशालानं वहीकडं बोट केलं. नाव म्हातारीनंच सांगितलं. माऊली आबासाहेब, गाव मुंजाजीचंच. दैवशालानं ते लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं नाही, याचं तिलाच नंतर नवल वाटलं.

दैवशालाच्या तोंडावर मास्क होता, डोक्यावर टोपी होती. त्यानं तिच्याकडं पाहिलंही नाही.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता तेव्हाची गोष्ट. रविवार होता, दवाखाना बंद. दैवशाला गावी गेली होती आणि मुंजाजीची भाकर घेऊन माळाकडं निघाली होती. मेंढरं ओढ्याच्या अलीकडं चरत होती. ओढ्यापलीकडं आबासाहेबांचं शेत, त्यात नुकताच उगवलेला हरभरा. पाच-सहा मेंढरं ओढा ओलांडून त्यात शिरली. मुंजाजी त्यांना हाकायला धावला, पण माऊली त्याच्या आधी ट्रॅक्टरवरून उतरून तिथं पोचला होता. त्यानं काही विचारलं नाही. हाताला लागलेलं एक कोकरू मागच्या पायांनी उचललं आणि बांधावरच्या दगडावर आपटलं. एकदा आपटल्यावर ते ओरडलं, म्हणून परत आपटलं.

मुंजाजी जन्मात कुणावर हात उचललेला माणूस नव्हता. त्यानं माऊलीच्या तोंडावर काठीचा बुंधा मारला. माऊली खाली बसला, रक्त थुंकला, हातावर दाताचा तुकडा घेऊन बघितला. मग उठला आणि ट्रॅक्टरकडं चालत गेला. धावला नाही, दैवशाला हे पुढं पोलिसांना आणि वकिलांना प्रत्येक वेळी सांगत राहिली, की तो चालत गेला. मुंजाजीला वाटलं भांडण संपलं. तो कोकरापाशी वाकला. माऊली पहार घेऊन आला, त्यानं पहिला घाव पाठीत घातला, दुसरा मानेवर. तिसरा घाव बसला तेव्हा मुंजाजी आधीच पालथा पडलेला होता. दैवशाला ओढ्यात होती, पाणी गुडघ्याएवढं होतं, आणि तिला पळता येत नव्हतं. तिसऱ्या घावाचा आवाज तिनं ऐकला. ओल्या लाकडाचा ओंडका फोडताना येतो तसा होता.

माऊलीनं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि ट्रॅक्टर चालू करून निघून गेला. एका टेम्पोतून मुंजाजीला आधी गंगाखेडला आणि तिथून परभणीला नेलं. दैवशालाच्या मांडीवर त्याचं डोकं होतं आणि तिनं फुटलेल्या जागी दोन्ही तळवे दाबून धरले होते. वाटेतलं दैठणा गाव मागं पडलं तेव्हा तिच्या तळव्यांखालचं ठोके देणं थांबलं. ती तशीच दाबून बसून राहिली.

पाच महिन्यांनी माऊलीला जामीन झाला. साक्षीदारांच्या जवळपास फिरकायचं नाही अशी अट होती. डोळ्यांनी पाहिलेली साक्षीदार एकटी दैवशाला. ती शहरात कुठं काम करते हे माऊलीच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. माऊलीच्या बाजूचं म्हणणं असं होतं की त्या दिवशी तो गावात नव्हताच. कापूस घेऊन मानवतला गेला होता, आणि येताना मोटारसायकलवरून पडून त्याचा दात तुटला. त्याच्या आईनं, चतुराबाईनं, तसा जबाबही दिला होता.

आता तोच तुटका दात आतून सडला होता.

डॉ. रोहिणींनी त्याला खुर्चीत आडवं केलं, दिवा ओढला आणि तपासलं. मुंजाजी गेला हे त्यांना ठाऊक होतं. त्या भेटायलाही आल्या होत्या. पण मारणाऱ्याचं नाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मुळाशी पू झालाय, आजच काढायला हवा, असं त्या म्हणाल्या आणि भुलीचं इंजेक्शन दिलं. मग दैवशालाला खालच्या दाढेची पकड आणि दात सैल करायची सळई मांडायला सांगून हात धुवायला गेल्या. भूल चढायला दहा मिनिटं होती.

दवाखान्यात तसल्या पकडी दोनच होत्या. एक कपाटात, पाकिटात, पट्टी काळी झालेली. दुसरी टबात होती.

दैवशालानं ठरवलं असं काही झालं नाही. तिनं आतल्या खोलीत जाऊन कपाटातलं पाकीट फाडलं. आतली पकड काढून खणात ठेवली. टबातली पकड उचलली, फडक्यानं वरवर पुसली. सांध्यात अजून तांबूस रेघ होती. ती बाजू खाली करून तिनं पकड ट्रेमध्ये ठेवली, शेजारी ते फाडलेलं पाकीट, काळी पट्टी वर दिसेल असं. हे सगळं करायला एक मिनिटही लागलं नाही. म्हाताऱ्याचं रक्त माऊलीच्या उघड्या जखमेत जाईल. लगेच काही होणार नाही. होईल किंवा होणारही नाही. पण झालं तर ते आत बसून राहील, आणि ते कुठून आलं हे कुणाला कधी कळणार नाही. तिला वाटलं की पहारीचे तीन घाव असे फेडले तर फार झालं असं कुणी म्हणणार नाही.

ती ट्रे घेऊन बाहेर आली, तेव्हा चतुराबाई दारातल्या बाकावर बसली होती. तिनं दैवशालाचा हात धरला आणि हळू आवाजात सांगितलं की लेकराला दोन दिवसांपासून घास गिळवत नाही. मग कुणी न विचारता म्हणाली, “गाडीवरून पडला न्हवं का मानवतच्या रस्त्याला. तवापसून दुखायलाय त्यो दात.”

दैवशालानं मान हलवली. बोलली असती तर म्हातारीनं आवाज ओळखला असता. तिनं हात सोडवून घेतला, ट्रे डॉक्टरांच्या उजव्या हाताला ठेवला आणि आपल्या नेहमीच्या जागी, खुर्चीच्या डोक्याशी उभी राहिली.

डॉक्टरांनी सळईनं दात सैल केला. सळई पक्की होती. हिरडी फाटली, रक्त आणि पू एकदम आला, दैवशालानं तो नळीनं ओढून घेतला. माऊलीनं खुर्चीचे हात आवळले होते. तुटलेल्या दाताचा कोपरा तिला स्पष्ट दिसत होता. हा तुकडा मुंजाजीनं पाडला होता. त्याच्या आयुष्यातला तो एकच फटका. डॉक्टरांनी न बघता हात बाजूला केला, ट्रेवरून पकड उचलली. अकरा वर्षं त्या अशाच न बघता उचलत आल्या होत्या. पकड त्या उघड्या तोंडापासून वीतभर अंतरावर आली.

“मॅडम, थांबा. पकड कच्ची हाय.”

डॉक्टर थांबल्या. पहिल्यांदा त्यांना ऐकू आलं पण कळलं नाही. त्यांनी ट्रेमधल्या पाकिटाकडं, काळ्या पट्टीकडं पाहिलं. दैवशाला परत बोलली. या वेळी तिचा आवाज मोठा आला.

“ती म्हाताऱ्याच्या तोंडातली हाय. मीच ठिवली.”

डॉक्टरांनी हात मागं घेतला. पकड ट्रेमध्ये ठेवली नाही, हातातच धरून उभ्या राहिल्या आणि दैवशालाकडं बघत राहिल्या. त्यांचा चेहरा मास्कनं झाकलेला होता, पण डोळे बघवत नव्हते.

बाकावरून चतुराबाई उठली होती. ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “माऊली, ही मुंजाजीची भैन हाय.”

पुढं जे झालं ते दोन-तीन मिनिटांत झालं. माऊलीनं दिवा ढकलून दिला आणि खुर्चीतून उठला. त्याचं अर्धं तोंड बधिर होतं, त्यातून रक्त आणि लाळ गळत होती, आणि तो काय बोलतोय ते कळत नव्हतं. त्यानं दैवशालाच्या छातीत लाथ घातली. ती आतल्या खोलीच्या दारातून मागं जाऊन सिंकवर आदळली. डॉक्टर मध्ये आल्या, त्यांना त्यानं एका हातानं भिंतीवर फेकलं. ट्रे पडला, हत्यारं फरशीवर विखुरली. त्यानं दैवशालाची टोपी आणि मास्क ओरबाडून काढला, तोंड नीट बघितलं आणि मग मुठीनं त्या तोंडावर मारलं. नाकाचं हाड मोडल्याचं तिला आतून ऐकू आलं. तिचा उजवा हात धरून त्यानं तो ऑटोक्लेव्हच्या झाकणावर दाबला. मशीन वाफेवर होतं. कातडी चिकटली. ती ओरडली नाही, श्वासच नव्हता.

तिचा डावा हात खालच्या कप्प्यात गेला आणि स्टीलचा जड ट्रे हाताला लागला. तिनं तो त्याच्या कानावर मारला. तो कलला. तिनं परत मारला, सुजलेल्या जबड्यावर, जिथं भूल होती तिथं आणि जिथं नव्हती तिथंही. तो गुडघ्यावर आला तरी ती मारत राहिली. ट्रेचा कोपरा वाकला. त्या वेळी तिला थांबायचं नव्हतं, हे तिनं पुढं कुणापासून लपवलं नाही. चतुराबाईनं मागून येऊन तिची वेणी धरली आणि तिला खाली ओढलं. तेवढ्यात माऊली उठला. डॉक्टरांचं लोखंडी स्टूल त्यानं दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. दैवशाला फरशीवर होती आणि तिला ते स्टूल वरून येताना दिसत होतं. मुंजाजीला पहार दिसलीही नव्हती.

म्हातारीनं वेणी सोडली आणि लेकाच्या पायांना मिठी मारली.

“एक मारलास ना रे. आता बास कर. हिला सोड.”

खोलीत डॉक्टर होत्या. दारात बाहेर थांबलेले तीन पेशंट आणि खालच्या दुकानातला माणूस धावत येऊन उभे होते. सगळ्यांनी ते ऐकलं. माऊलीनंही ऐकलं. त्यानं स्टूल खाली टाकलं, दैवशालावर नाही, बाजूला. मग खालच्या माणसानं आणि एका पेशंटनं त्याला धरलं. चतुराबाई फरशीवरच बसून राहिली. आपण काय बोलून गेलो हे तिला तेव्हा कळलं असावं, कारण तिनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते.

पोलीस आले. माऊलीचा जामीन त्याच आठवड्यात रद्द झाला. पण त्यानं जबाबात सांगितलं की या बाईनं मला रोग घालून मारायचा घाट घातला होता, आणि ते खोटं नव्हतं. दैवशालालाही ठाण्यात बसवून विचारलं. तिनं जसं होतं तसं सांगितलं. पकड तोंडात गेली नव्हती, हे डॉक्टरांनी लिहून दिलं. म्हणून तिची चौकशी तिथं थांबली. मोडलेल्या नाकाची आणि जळालेल्या हाताची पट्टी डॉक्टरांनी स्वतः तिला सरकारी दवाखान्यात नेऊन करवून घेतली. पंधरा दिवस त्या खोलीवर येत होत्या. सोळाव्या दिवशी त्यांनी सांगितलं की त्यांना दैवशालाला कामावर ठेवता येणार नाही.

दैवशाला म्हणाली की तिला ते माहीतच होतं.

डॉक्टरांनी तिच्या हाताची सैल झालेली पट्टी नीट केली. मग म्हणाल्या, “ताई, तुम्ही बोलला नसता तर मला कधीच कळलं नसतं. मला राग त्याचा नाही. भीती बसलीय.” आणि उठून गेल्या.

गावात सुगंधाबाईला हे सगळं दुसऱ्यांकडून कळलं होतं. मेंढरं तिनं उन्हाळ्यातच विकून टाकली होती आणि आता ती दुसऱ्यांच्या शेतात रोजानं जात होती. दैवशाला हाताची पट्टी निघाल्यावर तिच्याकडं गेली. सुगंधाबाई जात्याशी बसली होती. तिनं मोडलेल्या नाकाकडं पाहिलं, हाताकडं पाहिलं.  ती एवढंच म्हणाली, “आक्का, त्यो तुमच्या हातात आल्ता. तुमी त्याला सोडून देलात.”

 सुगंधाबाईनं तोंड फिरवलं आणि त्यानंतर तिच्याशी बोलणं सोडलं.

गावातल्या दुसऱ्यांनी वेगळं कारण काढलं. बाईच्या हातात कावीळ आहे, ती रोग देते, असं कुणीतरी उठवलं, आणि त्यानंतर दैवशाला गावी गेली की तिच्या हातचं पाणी कुणी घेईना. तिनं स्पर्श केलेला तांब्या बायका तिच्यादेखत चुलीतल्या राखेनं घासायच्या. गंगाखेडमध्ये कुठल्या दवाखान्यात तिला काम मिळालं नाही. एका मंगल कार्यालयात ती भांडी घासायला लागली.

पुढच्या वर्षी खटला उभा राहिला. सरकारी वकिलांनी तिला आधीच बजावलं होतं की पकडीचा विषय निघेल, तेव्हा कमी बोला, आठवत नाही म्हणा. तिनं मान हलवली होती. माऊली पिंजऱ्यात बसला होता, दात दुसरीकडं काढून घेतलेला, गाल आत गेलेला. त्याच्या वकिलांनी पहार, ओढा, अंतर, सगळ्यावर तिला दोन तास उभं आडवं विचारलं. मग ते पकडीवर आले.

“ती पकड तुम्ही मुद्दाम ठेवली?”

“हो.”

“माझ्या अशिलाला मारायचा इरादा होता?”

सरकारी वकिलांनी मान खाली घातली.  “व्हता,” दैवशाला म्हणाली.

“तुम्ही बोलला नसता तर कुणाला कळलं असतं का?”

“न्हाई.”

“मग का बोललात?”

या प्रश्नाचं उत्तर ती वर्षभर शोधत होती. खोलीवर, मंगल कार्यालयाच्या मोरीवर, गावाच्या एसटीत. तिला दया आली नव्हती. देव आठवला नव्हता. “सायेब, मी अकरा वरसं तेच काम केलं,” ती म्हणाली. “कच्चं हत्यार तोंडाकडं चाललं की मी सांगायची. तोंडातून निघून गेलं. मला तवा तोंड कुणाचं हाय ते दिसलं न्हाई.”

वकील म्हणाले की त्यांचे प्रश्न संपले.

डॉ. रोहिणींची साक्ष तिच्यानंतर झाली. चतुराबाई उगारलेल्या स्टुलाखाली काय बोलली होती ते त्यांनी शब्दाला शब्द सांगितलं. बाहेर थांबलेल्या पेशंटांपैकी दोघांनीही तेच सांगितलं. चतुराबाईला उभं केलं तेव्हा ती म्हणाली की आपल्याला काही आठवत नाही, आणि मग मानवतच्या रस्त्याचंही तिला काही आठवेना. साक्ष देऊन बाहेर आल्यावर डॉक्टर आणि दैवशाला एकाच झाडाखाली उभ्या होत्या. डॉक्टरांनी तिचा जळालेला हात हातात घेऊन बघितला, औषध लावताय ना, असं विचारलं, आणि गाडीत बसल्या.

माऊलीला दहा वर्षांची शिक्षा झाली. खुनाची नाही, रागाच्या भरात झालेला मनुष्यवध असं न्यायालयानं ठरवलं. तो चालत गेला होता, हे दैवशालानं चारदा सांगितलं होतं, तरी. सरकारी वकिलांनी तिला समजावलं की हेही कमी नाही. जजसाहेबांनी निकालात लिहिलंय की जी बाई स्वतःच्या विरोधात एवढं कबूल करते, तिच्या बाकीच्या बोलण्यावर अविश्वास ठेवायला कारण नाही. दैवशालानं तो कागद मागून घेतला. तिला वाचता येत होतं, पण त्यातलं मराठी तिला नीट कळलं नाही. तिनं तो घडी करून पिशवीत ठेवला.

मुंजाजीच्या दुसऱ्या वर्षाच्या श्राद्धाला ती गावी गेली. तिला बोलावणं नव्हतं, पण कुणी हाकलूनही दिलं नाही. अंगणात पंधरा-वीस माणसं जेवायला बसली होती. सुगंधाबाई वाढत होती. वाढत वाढत ती दैवशालापाशी आली आणि पुढच्या पानाकडं सरकली. दैवशालाच्या पुढ्यात ताट नव्हतंच. शेजारच्या बायका सरकून बसल्या होत्या.  दैवशाला उठली आणि मागच्या दारी गेली.

तिथं पहिल्या पंगतीच्या ताटांचा ढीग पडला होता. तिनं पदर खोचला, हौदातून बादली भरून घेतली आणि ताटं घासायला बसली. राखेनं एकदा, मग साबणानं. काठाच्या आत जिथं खरकटं बसतं तिथं बोट फिरवून. जळालेल्या हाताची कातडी पाण्यानं ओढत होती. प्रत्येक ताट तिनं दोनदा विसळलं, उन्हाकडं तिरकं धरून बघितलं, आणि कुडाशी लावून ठेवलं. दुसरी पंगत उठेपर्यंत पंधरा-वीस ताटं ओळीनं उन्हात लागली होती. शेजारची एक म्हातारी आली, तिनं ताटं बघितली आणि परत गेली. दैवशालाला ठाऊक होतं की आपण गेल्यावर ही सगळी ताटं पुन्हा घासली जातील.

ती हात पुसत होती तेव्हा सुगंधाबाई मागच्या दारी आली. तिनं भाताचं पातेलं, कढीचं भांडं आणि वडे आणून उंबऱ्यावर ठेवले. ती ओळीपाशी थांबली, वाकली आणि मधलं एक ताट उचललं. हौद शेजारीच होता. तिनं ताट विसळलं नाही, पदरानं पुसलंही नाही. त्यावर भात घातला, कढी ओतली, दोन वडे ठेवले आणि दैवशालाच्या समोर दगडावर ठेवलं. मग दुसरं ताट उचललं, त्यातही तसंच वाढून घेतलं आणि तिच्याकडं पाठ करून उंबऱ्यावर जेवायला बसली.